उत्तर ठाऊक आहे, हात पोहोचत नाही

‘जोड्या लावा’ हा प्रश्न ज्याने कधी सोडवला नाही असा माणूस मराठी शाळेत शिकलेल्यांत सापडणे कठीण. डावीकडे ‘अ’ गट, उजवीकडे ‘ब’ गट, मधे मोकळी जागा. काही मुले पट्टी लावून रेघा ओढीत. काही नुसते ‘१ – ग, २ – क’ एवढेच लिहीत. गुरुजींना दोन्ही चालत असे. ज्या मुलास दिसत नसे त्याला लेखनिक दोन्ही गट वाचून दाखवी आणि तो ‘पहिल्याचा तिसरा’ असे तोंडी सांगे. प्रश्न एकच, पण उत्तराच्या वाटा तीन होत्या. ही सोय कोणी मुद्दाम केलेली नव्हती. कागद, पेन्सिल आणि माणूस यांच्या अंगचीच ती होती. म्हणूनच ती आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही, आणि ती गेली तेव्हाही पुष्कळांच्या ध्यानात आले नाही.

ती गेली ती अशी. आता हाच प्रश्न फोनच्या व संगणकाच्या पडद्यावर आला आहे. तेथे ‘अ’ गटातील शब्दाची एक रंगीत पट्टी असते. तिच्यावर बोट किंवा माउस ठेवावयाचा, दाब न सोडता ती ओढीत न्यावयाची आणि ‘ब’ गटातील योग्य चौकटीवर आली की सोडावयाची. ‘ओढा आणि सोडा’ हे तिचे नाव. पट्टी जागेवर बसली की टाळ्या वाजतात, चूक झाली की ती घरंगळत परत जाते. मुलांना ही गंमत आवडते आणि शिक्षकांनाही ती हवीशी वाटते. तीत खेळ आहे, हाताला काम आहे, आणि तपासण्याचे कष्ट वाचतात. आमची तक्रार त्या गमतीविषयी नाही. पुष्कळ ठिकाणी उत्तर देण्याची तेवढी एकच वाट ठेवलेली असते, ह्याविषयी आमचे म्हणणे आहे.

गोष्ट नीट समजावी म्हणून आमच्याच भागातील उदाहरण घेऊ. गोव्याच्या भूगोलावर एक कृती रचली आहे असे कल्पावे. आठ गावांची नावे दिली आहेत: तेरेखोल, हरमल, मांद्रे, हळर्ण, नार्वे, मये, साखळी आणि शिरगाव. खाली दोन मोठ्या चौकटी आहेत, एक पेडणे तालुक्याची आणि दुसरी डिचोली तालुक्याची. प्रत्येक नाव ओढून आपापल्या तालुक्यात टाकावयाचे. पहिली चार पेडण्याची, पुढली चार डिचोलीची. ह्या दोन तालुक्यांतील चौथी-पाचवीच्या मुलास त्यात अवघड काही नाही. शिरगावची लईराईची जत्रा, नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ, मयेचा तलाव, हळर्णचा किल्ला ह्या त्याच्या ऐकिवातल्या गोष्टी आहेत.

आता त्या वर्गातील एका मुलाला सेरेब्रल पाल्सीमुळे हात स्थिर ठेवता येत नाही असे समजा. ‘नार्वे’ ही पट्टी त्याने उचलली खरी, पण अर्ध्या वाटेवर दाब सुटला आणि ती परत मूळ जागी गेली. पुन्हा उचलली; ह्या वेळी ती पेडण्याच्या चौकटीवर पडली. पडद्यावर लाल फुली उमटली. दुसरी एक मुलगी दृष्टिहीन आहे. तिच्या फोनवर पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी स्क्रीन रीडर ही सोय आहे. तिने नाव ऐकले, तिला तालुका ठाऊक आहे. पण ज्या जागा दिसत नाहीत आणि ज्यांचे नावही कोणी उच्चारीत नाही तेथपर्यंत पट्टी नेणार कशी? तिसऱ्याचा हात मोडून प्लॅस्टरमध्ये आहे. चौथ्याच्या फोनची काच तडकलेली आहे आणि मधल्या पट्ट्यात स्पर्शच लागत नाही. चौघांनाही उत्तर येते, आणि चौघेही नापास.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. ती कृती तपासत काय होती? नार्वे कोणत्या तालुक्यात आहे हे ज्ञान, की वीस सेंटिमीटर अंतर न थरथरता बोट नेण्याचे कौशल्य? प्रश्नपत्रिका भूगोलाची असेल तर हाताच्या स्थैर्याचे गुण त्यात मिळविण्याचा कोणासही अधिकार नाही. शिवाय लाल फुली बोलत नाही. मुलाला नार्वे ठाऊक नव्हते की त्याचा हात घसरला, हे गुणपत्रिकेवरून शिक्षकास कळत नाही, पालकांस कळत नाही. काही दिवसांनी मुलालाही वाटू लागते की आपल्याला भूगोल येत नाही. आमच्या मते सगळ्यांत मोठी हानी ही शेवटची आहे.

हा प्रश्न मूठभर मुलांचा आहे असे कोणी म्हणेल. २०११ च्या जनगणनेत अपंग म्हणून नोंदलेल्यांची संख्या भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात सुमारे ३३ हजार होती. त्यात प्लॅस्टरमधले हात, सांधेदुखीने आखडलेली बोटे आणि वार्धक्याचा कंप धरलेले नाहीत. आमच्या वाचकांच्या घरांतील आजी-आजोबा फोनवर घसरपट्टी सरकवून कुलूप उघडताना किंवा चित्राचा तुकडा खाचेत बसवून ‘मी यंत्र नाही’ हे सिद्ध करताना किती वेळा थकून फोन नातवाच्या हाती देतात, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. पेडण्याच्या मुलाची आणि बडोद्याच्या किंवा इंदूरच्या आजोबांची अडचण एकच आहे.

गोव्याच्या बाबतीत ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २० डिसेंबर १९६३ रोजी भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या काळात खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या, त्यांतील पुष्कळ मराठी माध्यमाच्या. पेडणे, डिचोली, सत्तरी ह्या तालुक्यांतील कित्येक घरांत पाटी-पुस्तक पहिल्यांदा आले ते त्या शाळांमुळे. शाळा मुलाच्या दारापर्यंत नेणे हे त्या काळाचे मोठे काम होते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या आणि शाळा फोनमध्ये शिरली, तेव्हा दाराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. डोंगराळ गावांत फोनला रेंज मिळत नाही ह्याची चर्चा पुष्कळ झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. परंतु रेंज मिळाल्यानंतरही बोट आणि उत्तर यांच्यामध्ये जे अंतर राहते, त्याची चर्चा फारशी झाली नाही.

ते अंतर मिटविण्याचा उपाय अवघड नाही, आणि खर्चिकही नाही. ओढण्याची सोय असू द्यावी. तिच्या जोडीला निवडण्याची सोय ठेवावी. ‘नार्वे’वर एकदा बोट टेकवले की ती पट्टी निवडली गेली, मग ‘डिचोली’वर बोट टेकवले की ती तेथे जाऊन बसली. मधे काही ओढावयाचे नाही, दाबून धरावयाचे नाही. हात कापत असला तरी दोन वेळा टेकवणे बहुतेकांना साधते. ‘ओढा आणि सोडा’ याच्या शेजारी ‘उचला आणि ठेवा’ एवढे लिहिले की दुसरी वाट मोकळी झाली.

जगभरच्या संकेतस्थळांसाठी नियम ठरविणारी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था आहे. तिने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुगम्यतेच्या नियमांची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत नेमका हाच नियम घातला आहे. जे काम ओढून करता येते ते न ओढता, साध्या टेकवण्यानेही करता आले पाहिजे; अपवाद फक्त जेथे ओढणे हाच त्या कामाचा गाभा आहे तेथे. येथे एक गैरसमज टाळावा. कळफलकाने काम होते, तेव्हा हा नियम पाळला गेला, असे काही जण धरून चालतात. तसे नाही. फोनवर काम करणाऱ्या मुलापाशी कळफलक असेलच असे नाही, आणि दृष्टिहीन मुलीला माउसचा उपयोग नाही. दोन्ही सोयी स्वतंत्रपणे असाव्या लागतात.

कळफलकाची सोय म्हणजे काय तेही सांगतो. ‘टॅब’ ही कळ दाबीत एका नावावरून दुसऱ्या नावावर जाता यावे आणि आपण कोठे आहोत हे ठळक चौकटीने दिसावे. ‘स्पेस’ दाबली की नाव उचलले जावे. बाणांच्या कळांनी पेडणे व डिचोली यांमध्ये ये-जा करता यावी. पुन्हा ‘स्पेस’ दाबली की नाव तेथे बसावे. मन बदलले तर ‘एस्केप’ने ते मूळ जागी परत जावे. नाव बसल्यावर कळफलकाचा रोख पुढल्या नावावर असावा. पुष्कळ ठिकाणी तो पानाच्या अगदी वरच्या टोकाला उडतो, आणि प्रत्येक उत्तरानंतर मुलाला पंधरा-वीस कळा दाबून परत खाली यावे लागते. आठ नावांसाठी आठ वेळा अशी पायपीट केल्यावर कोणाचा उत्साह टिकेल?

दृष्टिहीन मुलीसाठी तेवढ्यानेही भागत नाही. तिच्यापाशी प्रत्येक पाऊल शब्दांत पोहोचले पाहिजे. नाव उचलताच तिच्या कानावर यावे: ‘नार्वे उचलले. जागा दोन आहेत, पेडणे आणि डिचोली.’ ठेवताच यावे: ‘नार्वे डिचोलीच्या चौकटीत ठेवले. तीन नावे उरली.’ टाळ्यांचा आवाज आणि लाल-हिरवा रंग ह्यांनी ही माहिती मिळत नाही. टाळी वाजली एवढे कळते, कशाला वाजली ते कळत नाही. आणि ज्याला लाल व हिरवा यांतील भेद दिसत नाही त्याच्यासाठी तर दोन्ही रंग एकच. म्हणून रंगाबरोबर ‘बरोबर’, ‘पुन्हा पाहा’ असे शब्द असावेत. ज्यांच्या घरी हे काम करणारे तरुण-तरुणी आहेत त्यांच्यासाठी एक तांत्रिक खूण: वस्तू ‘धरलेली आहे’ हे स्क्रीन रीडरला कळविण्यासाठी पूर्वी ज्या खुणा वापरीत त्या २०१७ च्या नियमावलीत कालबाह्य ठरविल्या गेल्या. तेव्हा त्यांच्या भरवशावर न राहता घडलेली गोष्ट सरळ वाक्यात बोलून दाखवावी. माणसाने माणसाला सांगावे तसे ते वाक्य असले म्हणजे झाले.

नकाशावरच्या कृतीत आणखी एक अडचण येते आणि तिचे उत्तम उदाहरण आमचे तेरेखोल आहे. पेडणे हा गोव्याचा उत्तर टोकाचा तालुका. तेरेखोल नदी त्याच्या उत्तरेला वाहते, आणि किल्ला व त्याच्या भोवतालचा गाव मात्र नदीच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या बाजूला आहे. केरीहून फेरीबोटीने तेथे जावे लागते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला, म्हणून गोव्याच्या इतिहासाच्या धड्यात तेरेखोल चुकत नाही. आता फोनच्या पडद्यावर साऱ्या गोव्याचा नकाशा काढला तर तेरेखोलचा तो तुकडा तांदळाच्या कणीएवढाही उरत नाही. त्यावर पट्टी नेमकी सोडणे धडधाकट हातालाही जमत नाही. बोट जरा हलले की किल्ला सिंधुदुर्गात नाही तर अरबी समुद्रात.

ह्या बाबतीतही नियम आहे. बोट टेकवावयाची जागा लांबी-रुंदीने निदान २४ पिक्सेलची असावी, असे २०२३ ची नियमावली म्हणते. फोनचे कारखानदार त्याहून मोठी जागा सुचवितात: ॲपल ४४ आणि अँड्रॉइड ४८ मापांची, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. तेरेखोलचा तुकडा एवढा मोठा करावयाचा तर भूगोलच बिघडेल. मग त्याच्यापासून एक रेघ बाहेर काढून टोकाला ‘क’ असे मोठे वर्तुळ ठेवावे आणि मुलाने ‘क’ निवडावा. जुन्या नकाशाच्या पुस्तकांत असेच करीत. किंवा नकाशाखाली साधी यादी द्यावी: ‘नदीच्या उत्तर तीरावरील किल्ला कोणता?’ म्हणजे जिला नकाशा दिसत नाही तिलाही उत्तर देता येईल. नकाशाचे शब्दांत वर्णन करावयास बसले की प्रश्न विचारणाऱ्यालाही कळते की आपल्याला नेमके काय विचारावयाचे होते.

शब्दांवरून दुसरी एक खुबी आठवली. वरच्या यादीत आम्ही केरीचे नाव घातले नाही, ते जाणूनबुजून. केरी पेडण्यात आहे, केरी सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. सत्तरीच्या मुलाने ‘केरी’ हातात घेऊन घुटमळावे ह्यात त्याची चूक काय? कागदावर तो समासात ‘सत्तरीची केरी वेगळी’ असे लिहू शकला असता. पडद्यावरची चौकट त्याचे ऐकत नाही. जेथे यंत्र तपासणार तेथे प्रश्न रचणाऱ्यावर दुप्पट जबाबदारी येते. मराठी वाक्यरचनेच्या कृतींतही हेच होते. ‘शब्द योग्य क्रमाने लावा’ म्हणून ‘आज’, ‘बाबा’, ‘पेडण्याला’, ‘गेले’ असे चार तुकडे दिले, तर ‘आज बाबा पेडण्याला गेले’ आणि ‘बाबा आज पेडण्याला गेले’ ही दोन्ही वाक्ये बिनचूक आहेत. इंग्रजीच्या ठशावर बेतलेले यंत्र एकच क्रम खरा मानते आणि मराठी नीट येणाऱ्या मुलाला चूक ठरविते.

लिपीचा प्रश्न तर त्याहून नाजूक आहे. महाराष्ट्राबाहेरील आमच्या कित्येक वाचकांच्या घरी मुलांना अक्षरओळख अशाच कृतींतून होते: ‘क’ला पहिली वेलांटी ओढून लावा, ‘कि’ तयार करा. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, उच्चारात नंतर येते आणि संगणकाच्या पोटात तिची साठवणही अक्षराच्या नंतरच होते. मग तिची जागा डावीकडे मानावयाची की उजवीकडे? पाहणाऱ्या मुलाला डावी बरोबर, ऐकणाऱ्या मुलीला उजवी. शिवाय सुटी वेलांटी समोर आली की स्क्रीन रीडर कित्येकदा गप्प बसतो किंवा काहीतरी विचित्र बोलतो. अशा पट्टीला ‘पहिली वेलांटी’ हे शब्दांतले नाव देऊन ठेवणे हाच उपाय, आणि ते काम मराठी जाणणाऱ्यानेच करावयाचे आहे. पानाची भाषा मराठी आहे हे संकेताने नोंदविणेही तितकेच अगत्याचे. नाही तर मजकूर हिंदी किंवा इंग्रजी आवाजात वाचला जातो आणि ‘मुळगाव’ व ‘हळर्ण’ यांची अशी काही दशा होते की तेथे जन्मलेल्यालाही आपले गाव ओळखू येऊ नये.

गोव्यात अपंगांच्या हक्कांविषयी जागृती नाही असे म्हणता येणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला ‘पर्पल फेस्ट’ भरला आणि अपंग व्यक्तींच्या सहभागाचा हा उत्सव पुढेही होत राहिला. किनाऱ्यावर चाकाची खुर्ची वाळूतून कशी न्यावी ह्याचा विचार तेथे होतो. तोच विचार वर्गातल्या पडद्यापर्यंत यावा एवढीच आमची इच्छा. राज्य सरकारने २०२१ साली शाळांमध्ये कोडिंग व रोबोटिक्सच्या शिक्षणाची योजना आणली. ती पाचवीच्या पुढल्या वर्गांसाठी आहे. ह्या विषयाचा श्रीगणेशा जगभर बहुधा रंगीत ठोकळे ओढून एकमेकांस जोडण्याने होतो. अमेरिकेतील एम.आय.टी. ह्या संस्थेतून २००७ साली आलेली ‘स्क्रॅच’ ही त्यातली सर्वांत परिचित पद्धती. ठोकळे ओढता न येणाऱ्या मुलाला आज्ञावली रचता येणार नाही असा अर्थ त्यातून निघू नये. २०१८ साली लॉरेन मिल्न व रिचर्ड लॅडनर ह्या संशोधकांनी अंध व अल्पदृष्टी मुलांसाठी ‘ब्लॉक्सफोरऑल’ नावाची रचना मांडली. तीत मूल आधी जागा निवडते आणि मग तेथे बसवावयाचा ठोकळा निवडते. उचला आणि ठेवा, एवढीच ती युक्ती. म्हणजे मार्ग नाही असे नाही. मार्ग ठेवण्याची आठवण हवी.

कायद्याचे पाठबळही आता आहे. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे ही जबाबदारी त्याने शासनावर टाकली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. तरीही न्यायालय प्रत्येक वर्गात येऊन पट्ट्यांची लांबी-रुंदी मोजणार नाही. ते शिक्षकाने, पालकाने आणि कृती रचणाऱ्याने मोजावयाचे आहे.

आता दुसरी बाजू. ओढणे सर्वस्वी वाईट आहे, ते काढून टाकावे, असे आम्ही म्हणत नाही. ज्या मुलाला वाचता-लिहिताना अक्षरांचा गोंधळ होतो त्याला टंकलेखनापेक्षा तयार शब्द उचलून ठेवणे सोपे जाते. गुण शुद्धलेखनात न अडकता ज्ञानाला मिळतात. लहान मुलांना वस्तू हलविण्यात जो आनंद वाटतो तोही खोटा नाही. आमच्या पेडण्याशेजारच्या सावंतवाडीत चितार आळीची लाकडी फळे आणि खेळणी पिढ्यान्पिढ्या मुलांच्या हाती पडली. ते लाकूड हाताला आपला आकार सांगते: आंबा कोणता आणि केळे कोणते हे डोळे मिटूनही कळते. काचेचा पडदा मात्र बोटाला काहीच सांगत नाही. सारे एकसारखे गुळगुळीत. लाकडाने जे आपोआप सांगितले ते काचेवर आपण शब्दांनी सांगितले पाहिजे. आणि जेथे अक्षर गिरविणे हाच धडा आहे तेथे बोट फिरवणे हेच शिक्षण. तेथे दुसरी वाट काढण्याचा अट्टाहास नको. भेद एवढाच ओळखावयाचा: हाताची हालचाल हा धडा आहे, की धड्यापर्यंत जाण्याचा रस्ता?

आमच्या वाचकांपैकी कित्येक जण आपापल्या गावच्या महाराष्ट्र मंडळात मुलांसाठी मराठीचे वर्ग चालवितात आणि अशा कृती स्वतः रचतात. त्यांना संगणकशास्त्र शिकण्याची आवश्यकता नाही. मूडल ह्या मोफत मिळणाऱ्या व्यवस्थेत ‘जोड्या लावा’चा जो साधा प्रकार आहे, त्यात प्रत्येक शब्दापुढे उत्तरांची यादी उघडते व तीतून निवड करावयाची असते; ओढण्याचा प्रश्नच येत नाही. तोच आपला जुना ‘१ – ग’. जेथे ओढण्याचीच कृती हवी तेथे ती वर्गाला देण्यापूर्वी घरच्या घरी चार परीक्षा घ्याव्यात. पहिली, माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने ती पुरी करून पाहावी. दुसरी, फोनवर ती नुसते बोट टेकवून, काही न ओढता होते का पाहावे. तिसरी, अँड्रॉइड फोनमधील ‘टॉकबॅक’ किंवा संगणकावर मोफत मिळणारा ‘एनव्हीडीए’ सुरू करून डोळे मिटून ती ऐकावी. चौथी, घरातील सर्वांत वयस्क माणसाच्या हाती ती द्यावी आणि आपण काही न बोलता पाहत राहावे. घड्याळ लावलेले असेल तर ते बंद करता येते का हेही पाहावे. भूगोलाला घाई नसते. चारही परीक्षांना अर्धा तास पुरतो.

आणि इतके करूनही एखादे मूल अडलेच, तर शिक्षकाने त्याच्या शेजारी बसून विचारावे: ‘नार्वे कोणत्या तालुक्यात, सांग पाहू.’ ते ‘डिचोली’ म्हणाले की पुरे गुण द्यावेत. कागदाच्या काळात आमचे गुरुजी हेच करीत. पडद्यावरची कृती कितीही देखणी असली, तरी त्यांच्याइतके औदार्य तिच्यात आहे की नाही, एवढे तपासल्यावाचून ती मुलांपुढे ठेवू नये.